दोन दिवसांचा माल

पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी मी संगणकाची एक भाषा लिहिली होती. हे सांगितलं की लोक भुवया उंचावतात, म्हणून आधीच सांगते, पंधरा-वीस शब्द आणि मूठभर नियम, एवढीच ती होती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नाशकात रविवार कारंज्याजवळ औषधाच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत बसून मी एकटीने ती लिहिली होती, आणि त्याचा मला भयंकर माज होता. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. माजच.

कोल्ड स्टोरेजचे मालक द्राक्षं जहाजाने परदेशी पाठवायचे. माणूस सज्जन, पण घाईचा. बागायतदारांकडून माल यायचा, बायका शेडमध्ये बसून घड साफ करायच्या, पेट्या भरायच्या, पेट्या थंड चेंबरमध्ये जायच्या आणि कंटेनर आला की बाहेर पडायच्या. कुठली पेटी जहाजावर चढवायची, कुठली दिल्ली-कलकत्त्याच्या ट्रकात टाकायची, हे मालकांना पडद्यावर दिसायला हवं होतं. नियम त्यांच्या डोक्यात होते आणि ते दर दोन दिवसांनी बदलायचे. मी एसटीने पिंपळगावला जायचे, प्रोग्राम बदलून यायचे, घरी येऊन चप्पल काढते तोवर पुन्हा फोन. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, नियम तुमचे, तर तुम्हीच लिहा. लिहिता येतील अशी सोय मी करून देते.

लिहिणार होते भाऊसाहेब. तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून. ऑफिसात संगणकापुढे तेच बसत. दोन बोटांनी टाइप करायचे, पण त्या दोन बोटांची चूक मी फार थोड्या वेळा पाहिली. शब्द मराठी, अक्षरं रोमन. 'दिवस म्हणजे आज वजा काढणी.' 'दिवस सहाच्या वर गेले तर जहाज नाही.' असे ते नियम असत. काढणी म्हणजे बागेतून घड तोडल्याची तारीख. सहा दिवसांपेक्षा जुना माल जहाजाचा तीन आठवड्यांचा प्रवास सोसत नाही, हा मालकांचा अनुभव होता, आणि तेवढा एक नियम त्यांनी कधी बदलला नाही.

या भाषेला 'आता हे कर, मग ते कर' असं सांगावं लागत नसे. चेंबरचं तापमान नवीन टाइप केलं की त्या तापमानावर अवलंबून असलेली प्रत्येक ओळ आपणहून नवं उत्तर काढायची, आणि त्या उत्तरावर अवलंबून असलेल्या पुढच्या ओळीही. पाहुणा आला की चहा टाकला जातो, त्यासाठी कुणी हुकूम सोडत नाही, तसं. आता याला रिअॅक्टिव्ह असं भारदस्त नाव आहे आणि मुलं त्यावर परिषदा भरवतात. मला तेव्हा नाव माहीत नव्हतं.

एकाच ठिकाणी मी अडले होते. बहुतेक ओळी कशावर तरी अवलंबून होत्या, ते बदललं की त्या जाग्या व्हायच्या. पण दोन ओळी अशा होत्या की त्यांना बाहेरून काही द्यावंच लागत नसे. विचारलं की उत्तर द्यायच्या, संपलं. एक म्हणजे रिकाम्या पेटीचं वजन. दुसरी 'आज', म्हणजे मशीनच्या घड्याळातली तारीख. आता पाहुणाच येणार नसेल तर चहा टाकायचा कधी? मी यावर दोन दिवस विचार केला असं पूर्वी सांगत असे. खरं तर एकच संध्याकाळ केला. ठरवलं की ज्या ओळीला काही घ्यायचंच नाही, तिचं उत्तर बदलायचं कारण नाही. प्रोग्राम सुरू होताना ती एकदा चालवायची, उत्तर जपून ठेवायचं आणि पुढे तेच वापरायचं. मशीन मंद होतं, त्याचाही वेळ वाचला. रिकाम्या पेटीला हे तंतोतंत लागू होतं. तारखेला नाही, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

आणि दोन हंगाम काही बिघडलंही नाही. पिंपळगावात तेव्हा दिवसातून दोन-तीनदा वीज जायची. कॉम्प्रेसरना जनरेटर होता, ऑफिसला नव्हता. वीज गेली की मशीन फटकन बंद, आली की भाऊसाहेब पुन्हा सुरू करायचे, आणि सुरू होताना मशीन 'आज' नव्याने विचारून घ्यायचं. माझ्या चुकीवर रोज पांघरूण पडत होतं आणि मी मात्र भाषा उत्तम चालली आहे म्हणून खुशीत होते.

तिसऱ्या हंगामात, अगदी भर गर्दीच्या दिवसांत, मालकांनी ऑफिसलाही जनरेटरची लाइन जोडली आणि यूपीएस घेतला. मीच त्यांच्या मागे लागले होते. भाऊसाहेबांना मीच बजावलं की आता मशीन सारखं बंद-चालू करू नका, डिस्क खराब होते, घरी जाताना नुसता पडदा बंद करा. भाऊसाहेब सरकारी शिस्तीतले. सांगितलं तसं त्यांनी केलं. त्या दिवशीची तारीख मशीनच्या पोटात बसली आणि तिथंच बसून राहिली.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मला अजूनही विचारतात. त्याचीही व्यवस्था मीच करून ठेवली होती. पहिल्या वर्षी भाऊसाहेबांकडून एकदा काढणीची तारीख पुढची पडली आणि पडद्यावर उणे तीन दिवस आले. मालक हसून म्हणाले, तोडायच्या आधीच आली का काय द्राक्षं? मला ते असं झोंबलं की मी तिथल्या तिथे नियम घातला, उत्तर उणे आलं तर शून्य दाखवायचं. त्यामुळे तारीख गोठल्यावर नव्याने आलेल्या मालापुढे शून्य दिसायचं आणि आधीच्या मालापुढे तोच जुना आकडा. भाऊसाहेब रोज मालाची यादी छापून काढायचे, त्या कागदाच्या डोक्यावरची तारीख मात्र प्रोग्रामचा छपाईचा भाग थेट घड्याळातून घ्यायचा, ती रोज बरोबर. वरची तारीख बरोबर म्हटल्यावर खालच्या आकड्यांवर कोण संशय घेणार? काढणीची तारीख कागदावर नव्हतीच. मालकांना नुसते दिवस हवे होते, म्हणून तो रकाना मी काढून टाकला होता. आणि ऐन हंगामात तिथे आज वार कोणता हे धड कुणाला सांगता येत नसे.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं निस्तरावं लागलं ते तिला.

शेडमध्ये तीसेक बायका काम करायच्या आणि त्यांच्यावर ती होती. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. जवळच्याच गावची, पन्नाशीच्या अलीकडची, हातात सदा बारीक टोकाची कात्री. घड उचलला की ती मणी बघायची नाही, देठ बघायची. नव्या बायकांना शिकवायची की मणी फसवतो, देठ फसवत नाही. कुठल्या घडाने पेटीत जायचं आणि कुठल्याने नाही, हा शब्द तिचा. तो शब्द मालकही मोडत नसत. घरी मुलगा-सून होते, पोटापुरतं होतं, उपाशी मरायची वेळ तिच्यावर कधी आली नसती. पण 'मावशीच्या हाताखालचा माल' असं पिंपळगावात बोललं जायचं, दुसऱ्या पॅकहाउसचे लोकही बोलायचे. ते नाव तिने वीस वर्षांत कमावलं होतं आणि त्या नावावरच ती ताठ चालायची.

तिचं-माझं फारसं जमत नसे. ती माझ्या मशीनकडे ढुंकून बघायची नाही. मशीनने छापलेला कागद भाऊसाहेब शेडच्या दाराला लावायचे, त्यावरून ती नुसती निघून जायची. ते माझ्या डोक्यात जायचं. आता वाटतं की मला तिची शाबासकी हवी होती. तेव्हा वाटायचं, अडाणी आहे.

यूपीएस बसवल्यावर साधारण नऊ दिवसांनी मी भाऊसाहेबांना काहीतरी शिकवायला पिंपळगावला गेले होते. बाहेर कंटेनर लागला होता. उशिराने मिळालेला कंटेनर, त्यामुळे सगळ्यांची धांदल. चेंबरमधून पेट्या निघत होत्या आणि एका लॉटपाशी मावशीने हमालांना थांबवलं. पेटी उघडली, एक घड वर काढला आणि मालकांना म्हणाली की हा जहाजावर नाही जायचा, दिल्लीच्या गाडीत टाका. मालक वैतागले. लॉट कितीचा आहे ते बघायला त्यांनी भाऊसाहेबांना कागद मागितला. कागदावर त्या लॉटपुढे दोन होते. दोन दिवस.

"दोन दिसाचा देठ असा नसतो," मावशी म्हणाली. "धा दिस तरी झाले याला. बघा तुम्ही."

तो घड तिने मालकांपुढे धरला आणि मग माझ्यापुढे. मालकांनी घडाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. कंटेनरचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी काय करायला हवं होतं? घड हातात घ्यायला हवा होता. निदान भाऊसाहेबांना काढणीची तारीख विचारायला हवी होती, एका मिनिटाचं काम होतं. मी कागदावरची तारीख बोटाने दाखवली, खालचा दोनचा आकडा दाखवला आणि समजुतीच्या सुरात, म्हणजे ज्या सुरात आपण लहान मुलांशी बोलतो त्या सुरात म्हणाले, "मावशी, इतका माल हाताखालून जातो, आठवणीत गडबड होते माणसाची. मशीन विसरत नाही."

तिने घड पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि शेडमध्ये निघून गेली. कंटेनर भरला. मी दुपारच्या एसटीने घरी आले. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

जहाज तिकडे पोचायला तीन आठवडे लागतात. त्यानंतर तिकडच्या गिऱ्हाइकाचा फॅक्स आला. देठ वाळून तपकिरी झालेले, मणी सुटून पेटीच्या तळाशी पडलेले, माल घेत नाही. मालकांनी जुने कागद काढून बघितले. लॉट चढवला तेव्हा दोन दिवसांचा होता. म्हणजे माल ताजा होता. ताजा माल तिकडे जाऊन असा होतो, तर मग भरतानाच काहीतरी खराब भरलेलं असणार. त्यांच्या विचारात खोट नव्हती, त्यांना दिलेला आकडा खोटा होता. ते तसेच उठून शेडमध्ये गेले आणि सगळ्या बायकांसमोर मावशीला म्हणाले की तुझ्या हाताखाली सडका माल भरला गेला, उद्यापासून येऊ नकोस. ती म्हणाली असणार की मी सांगितलं होतं. किंवा म्हणाली नसेल. मी तिथे नव्हते. भाऊसाहेब सांगतात की तिने कात्री खाली ठेवली आणि चालत घरी गेली. बायकांना गावोगाव सोडणाऱ्या टेम्पोची वाट बघितली नाही.

मला हे आठ-दहा दिवसांनी कळलं, हंगामाच्या शेवटच्या कामासाठी गेले तेव्हा. भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की मावशी दोन पॅकहाउसवर विचारायला गेली होती, दोन्हीकडे नंतर बघू म्हणाले. इतक्या मोठ्या कंटेनरची गोष्ट झाकून राहते थोडीच. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि त्याच्या मागोमाग मनात आलं, बघ, मी म्हणत नव्हते? हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं मनात.

मग भाऊसाहेब जरा घुटमळले. म्हणाले, एक विचारायचं राहिलंय. तो कंटेनर गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी टेबल हलवायचं म्हणून त्यांनी मशीन बंद केलं होतं. पुन्हा सुरू केलं तर सगळ्या मालाचे दिवस एकदम वाढले. दोनचे तेरा-चौदा झाले, शून्याचे आठ-दहा. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी मशीन गुपचूप बंद करून जातात.

"तुम्ही नको सांगितलं होतं ना," ते म्हणाले. "रागवाल म्हणून बोललो नाही."

 मी त्या लॉटची काढणीची तारीख पडद्यावर काढली आणि कंटेनर गेला ती तारीख भाऊसाहेबांच्या वहीतून घेतली. बोटांवर मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. मावशीने देठ बघून दहा म्हटलं होतं.

साठ वर्षांचा, आयुष्यभर कागद सांभाळलेला माणूस, त्याला मशीन चुकतंय हे दिसलं आणि माझ्या तोंडाला भिऊन तो गप्प बसला. माझा राग तसा प्रसिद्धच होता. मला तोपर्यंत वाटायचं की त्यामुळे कामं नीट होतात.

दुरुस्ती करायला एक दुपार लागली. बाहेरून काहीच न घेणाऱ्या ओळींचे मी दोन प्रकार केले. एक, जे कधी बदलत नाही ते, पेटीच्या वजनासारखं. ते एकदा विचारलं की पुरे. दुसरा, जे बाहेरच्या जगातून येतं ते, आणि अशा प्रत्येक ओळीला तिला कोण उठवणार हे लिहून दिल्याशिवाय भाषा ती ओळ घेणारच नाही. 'आज'ला घड्याळाने दर मिनिटाला उठवायचं असं लिहिलं. उणेचं शून्य करणारा नियम खोडला. काढणीचा रकाना कागदावर परत आणला. फार सुंदर दुरुस्ती होती. पुढे बरीच वर्षं मी ती लोकांना समजावून सांगत असे, आणि ऐकणारे मान डोलवत.

संध्याकाळी मालकांकडे गेले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, झालं ते झालं, मशीन नीट झालं ना? आता हंगामाचे पाच दिवस राहिलेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मी लेखी कळवलंय की भरणीची माणसं बदलली. आता कुणाला काय नवीन सांगत बसू? बाईंचं पुढच्या वर्षी बघू.

मी म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत तिचं नाव गेलेलं असेल. त्यावर ते म्हणाले की मी काही गावात दवंडी पिटायला गेलो नव्हतो. तीस बायकांसमोर बोलल्यावर दवंडीची गरज नसते, हे मी त्यांना ऐकवलं नाही. माझ्या तोंडी शोभलंच नसतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीच्या गावी गेले. घर बंद होतं, सून म्हणाली की कांद्याच्या खळ्यावर आहेत. ती तिथे चार बायकांबरोबर कांदा निवडत बसली होती. मोठा एका बाजूला, बारीक गोल्टी एका बाजूला. मला बघून तिने हात थांबवला नाही. मी शेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मशीनमध्ये तारीख अडकली होती, यूपीएसमुळे मशीन बंद झालंच नाही, माझा नियम चुकीचा होता, माल अकरा दिवसांचा होता. रात्री मी हे कसं बोलायचं ते मनात घोळवलं होतं, तसं काहीच जमलं नाही. शेवटी म्हटलं, तुमचं बरोबर होतं, मावशी. माझं चुकलं. माफ करा.

ती कांदे निवडत राहिली. मग म्हणाली, "ताई, हे मला कशाला सांगता? मला ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."

एवढंच. रागाने नाही, कोरडेपणाने. मी इतकी तयारी करून, बस बदलून, उन्हातून चालत तिला एक बातमी द्यायला आले होते आणि ती बातमी तिच्याकडे महिनाभर आधीपासून होती. मला रडू आलं. रडत बसायची ती जागा नव्हती, म्हणून उठले. निघताना तिने पाणी विचारलं. मी नको म्हटलं आणि मग वाटलं, प्यायला हवं होतं.

तिथून सरळ पिंपळगाव गाठलं. शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, बायका गोल करून डबे उघडत होत्या. मी मध्ये जाऊन उभी राहिले. मालकांना आधी विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते. मी बोलायला लागले आणि जे व्हायचं तेच झालं. मी भाषेपासून सुरुवात केली. कुठली ओळ कशावर अवलंबून असते, 'आज' कशावरच कसा अवलंबून नव्हता, वीज जायची तेव्हा काय व्हायचं. बायका भाकरी मोडत ऐकत होत्या. मालक दारात येऊन उभे राहिले होते, मला ते दिसत होते, म्हणून मी आणखीच लांबण लावत होते.

पुढे बसलेल्या एका बाईने मला मध्येच थांबवलं.

"म्हंजी मावशीची चूक नव्हती?"

"नव्हती."

"मग तेवढंच सांगा ना. बाकीचं आमाला नाय कळत."

मी म्हटलं, "मावशीची चूक नव्हती. तिने माल जुना आहे म्हणून सांगितलं होतं. मी खोटं ठरवलं तिला. चूक माझी होती."

 मी मालकांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग ते ऑफिसात गेले आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले की उद्या मावशींना आणायला जा. मावशींना, असं म्हणाले. पुढच्या वर्षी मात्र मला त्या कोल्ड स्टोरेजमधून फोन आला नाही. ते बरोबरच होतं.

टेम्पो गेला आणि मावशी आली. हंगामाचे चार दिवस उरले होते. भाऊसाहेबांना आश्चर्य वाटलं. चार दिवसांसाठी कशाला यायचं, खळ्यावर तिला जास्त दिवस काम मिळालं असतं, असं ते मला फोनवर म्हणाले.  मला वाटलं, मोठ्या मनाची बाई आहे, विसरून गेली.

शेवटच्या दिवशी मी तिथे होते, मशीनचं राहिलेलं काम संपवत होते. हंगाम उठताना तिथे एक रीत होती. मालकांच्या घरच्या वहिनी शेडमध्ये येऊन प्रत्येक बाईची ओटी भरायच्या आणि एकेक पेटी द्राक्षं घरी द्यायच्या. मावशीची ओटी पहिली भरली. तिने पदरात नारळ घेतला, वहिनींना नमस्कार केला. मालक पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मावशी, पुढच्या हंगामाला टेम्पो पहिला तुमच्या दारात येईल.

मावशीने कात्री पदराला पुसली आणि टेबलावर ठेवली.

"नका पाठवू," ती म्हणाली. "तवा तुम्ही काढलं व्हतं. आता मी माझी जाते."

तिने पेटी उचलली नाही. बायका बाजूला झाल्या. आपल्याकडे निघणारं माणूस जाते म्हणत नाही, म्हणून दाराशी उभ्या असलेल्या एकीने तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मावशे, येते म्हण."

ती म्हणाली नाही.